कम्युनिटी कॉलेजमधून अकाउंटिंग-फायनान्सचं सर्टिफिकेट: कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

जोडीदाराच्या नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात आलेली आणि मागे बी.कॉम., एम.कॉम. किंवा बारावी कॉमर्स असलेली कितीतरी मराठी माणसं आहेत. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजातच अकाउंटिंग शिकले आणि आता कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये शिकवते. मंडळाच्या कार्यक्रमात, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, फोनवर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

माझं ठाम मत आधीच सांगते. कॉलेजच्या यादीतलं कुठलं सर्टिफिकेट घ्यायचं, हा पहिला प्रश्न नव्हेच. शेवटी बुककीपर (हिशेबनीस) व्हायचंय, टॅक्समध्ये जायचंय की सीपीए (इथला परवानाधारक अकाउंटंट, साधारण आपल्या सीएसारखा) व्हायचंय, हे आधी ठरवा आणि मग त्या वाटेला लागणारेच विषय घ्या. पुढची बरीचशी उत्तरं याच विचारातून आली आहेत.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं ज्युनिअर कॉलेजच ना?

नाही. ही सरकारी पैशावर चालणारी, मुख्यतः दोन वर्षांच्या शिक्षणाची कॉलेजं आहेत. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झालं, ते यातलं सगळ्यात जुनं सरकारी कॉलेज मानतात. एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजं आहेत. आपली बहुतेक मंडळी राहतात त्या भागात कुपर्टिनोचं डी अँझा, लॉस अल्टोस हिल्सचं फुटहिल, फ्रीमाँटचं ओलोनी, सँटा क्लाराचं मिशन, लिव्हरमोरचं लास पोसितास, दक्षिणेत अर्व्हाइन व्हॅली अशी नावं ऐकू येतात.

प्रवेशासाठी गुणांची अट नाही, कटऑफ नाही, डोनेशन नाही. वर्गात एका बाजूला अठरा वर्षांचा मुलगा असतो, दुसऱ्या बाजूला सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, पुढच्या बाकावर दोन नोकऱ्या सांभाळून आलेली आई. चाळिशीतल्या बाईकडे कुणी वळूनही बघत नाही. ‘या वयात कुठे आता शिकायचं’ ही भीती घेऊन बऱ्याच जणी येतात आणि पहिल्या आठवड्यातच ती गळून पडते.

सर्टिफिकेट आणि डिग्री यांत फरक काय? सर्टिफिकेटं तरी किती प्रकारची?

असोसिएट डिग्री म्हणजे दोन वर्षांची पदवी. तिला ६० सेमिस्टर युनिट्स (प्रत्येक विषयाला ठरवून दिलेली क्रेडिट्स) लागतात आणि त्यात इंग्रजी, गणित, समाजशास्त्र असे इतर विषयही येतात. सर्टिफिकेटमध्ये फक्त कामाचे विषय असतात. तुमच्याकडे आधीच पदवी असेल तर असोसिएट डिग्रीच्या मागे लागण्याचं कारण मला दिसत नाही.

सर्टिफिकेटांत मात्र डोळे उघडे ठेवा. ‘सर्टिफिकेट ऑफ अचीव्हमेंट’ राज्य पातळीवर मंजूर झालेलं असतं आणि ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रिकेवर, त्याची नोंद होते. त्याहून लहान, दोनतीन विषयांची ‘स्किल्स’ छापाची सर्टिफिकेटं कॉलेज स्वतः देतं आणि त्यांची तशी नोंद सहसा होत नाही. विषय आणि ग्रेड मात्र दोन्हीकडे ट्रान्सक्रिप्टवर येतातच. पुढे सीपीए बोर्ड असो वा विद्यापीठ, ते ट्रान्सक्रिप्टच मागतात.

माझं पुण्यात बी.कॉम. झालंय, टॅलीवर पाच वर्षं काम केलंय. पुन्हा पहिल्यापासून अकाउंटिंग कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यामागचं दुखणंही मला कळतं. तुमचा पाया पक्का आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद ही साखळी जगात कुठेही तीच. पण इथली मांडणी आणि सवयी इतक्या वेगळ्या आहेत की पहिला विषय वगळून थेट इंटरमीजिएट अकाउंटिंगला बसलेली हुशार माणसंसुद्धा पहिल्या महिन्यात गोंधळतात.

एक उदाहरण घेऊ. ६०० डॉलरला आणलेला माल तुम्ही १,००० डॉलरला उधारीवर विकला. बारावीला आपण ऋणको नावे, विक्री जमा, खाली ‘बीइंग गुड्स सोल्ड ऑन क्रेडिट’ असं स्पष्टीकरण लिहिलं की मोकळे होत असू. मालाचा हिशेब वर्षाअखेरीला शिल्लक साठा मोजून व्हायचा. इथल्या पाठ्यपुस्तकात बहुधा परपेच्युअल पद्धत आधी शिकवतात. तिच्यात त्याच विक्रीला दोन नोंदी लागतात. पहिली: अकाउंट्स रिसीव्हेबल नावे १,०००, सेल्स रेव्हेन्यू जमा १,०००. दुसरी: कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड नावे ६००, इन्व्हेंटरी जमा ६००. खरेदी करतानाही ‘पर्चेसेस’ हे खातं उघडत नाहीत, माल थेट इन्व्हेंटरीत जातो. आपली माणसं ही दुसरी नोंद हटकून विसरतात आणि परीक्षेत निम्मे गुण घालवतात.

आणखी काही गोष्टी. क्रेडिटच्या ओळीआधी ‘टू’ लिहायचं नाही, ती ओळ फक्त थोडी आत सरकवायची. पर्सनल, रिअल, नॉमिनल खात्यांचे सोन्याचे नियम इथे कुणाला माहीत नसतात. मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल, या समीकरणावरूनच सगळं शिकवतात. आपल्या जुन्या आडव्या ताळेबंदात देणी डावीकडे असत, इथे मालमत्ता डावीकडे किंवा वर, आणि तीही रोख रकमेपासून सुरू. शेवटी आणलेला माल आधी विकला गेला असं धरणारी लिफो पद्धत भारतातल्या लेखामानकांत चालत नाही, अमेरिकन गॅपमध्ये (इथल्या लेखामानकांत) ती चालते आणि परीक्षेत हमखास येते. ‘स्टॉक’ म्हणजे इथे शेअर, माल नव्हे. स्वल्पविरामसुद्धा जपून टाका: हाताला एक लाख १,००,००० असं लिहायची सवय असते आणि एक्सेलमध्ये १००,००० बघितलं की क्षणभर दहा लाख वाटतात.

म्हणून पहिला फायनान्शियल अकाउंटिंगचा विषय घ्याच. तो तुम्हाला सोपा जाईल, चांगली ग्रेड मिळेल आणि वर्गातल्या चार जणांना तुम्हीच समजावून सांगाल. बरीच कॉलेजं ट्युटर नेमतात ते अशाच विद्यार्थ्यांतून.

खर्च किती येतो?

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला प्रति सेमिस्टर युनिट ४६ डॉलर. क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांच्या) कॉलेजात, म्हणजे डी अँझा किंवा फुटहिलमध्ये, प्रति क्वार्टर युनिट ३१ डॉलर. चार सेमिस्टर युनिट्सचा विषय १८४ डॉलरला पडतो. १८ युनिट्सचं सर्टिफिकेट घेतलं तर शिक्षणशुल्क ८२८ डॉलर. वर आरोग्य शुल्क, विद्यार्थी शुल्क, पार्किंग असे किरकोळ खर्च.

हे आकडे डोळ्यासमोर ठेवून त्या खासगी ‘बूटकँप’च्या जाहिराती बघा. सहा आठवड्यांत अकाउंटंट बनवतो म्हणून हजारो डॉलर मागतात, आणि शेवटी हातात येतात ती युनिट्स कुठलंही बोर्ड धरत नाही.

दोन कॉलेजांची तुलना करताना एवढं लक्षात ठेवा: तीन क्वार्टर युनिट्स म्हणजे दोन सेमिस्टर युनिट्स. पाच क्वार्टर युनिट्सचा विषय ऐकायला मोठा वाटतो, प्रत्यक्षात तो सव्वातीन-साडेतीन सेमिस्टर युनिट्सचा असतो.

रहिवासी कुणाला म्हणतात? आम्हाला येऊन आठच महिने झालेत.

सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवरून दिसावा लागतो. एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्यांना हा दर्जा मिळू शकतो. एफ-१ विद्यार्थी आणि पर्यटक व्हिसावर आलेल्यांना नाही. रहिवासी नसाल तर प्रत्येक युनिटमागे शेकडो डॉलर जादा पडतात, तेव्हा आठ महिने झाले असतील तर चार महिने थांबणं शहाणपणाचं.

अडचण बहुतेकदा कागदांची असते, आणि ती बायकांना जास्त येते. लीज नवऱ्याच्या नावावर, वीजबिल नवऱ्याच्या नावावर, बँक खातंही त्याचंच. मग ऑफिसमधली व्यक्ती विचारते, तुम्ही इथे राहता याचा पुरावा काय? आल्या आल्या लीजवर दोघांची नावं घाला, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र काढा, जॉइंट खातं उघडा, राज्याचं टॅक्स रिटर्न एकत्र भरा. शिकायचा विचार पक्का नसला तरी हे करून ठेवा.

एच-४ वर शिकता येतं का? व्हिसा बदलावा लागतो?

शिकता येतं, अर्धवेळ किंवा पूर्णवेळ. त्यासाठी एफ-१ घ्यावा लागत नाही. उलट एफ-१ वर गेलात तर दर सत्राला १२ युनिट्स घेण्याचं बंधन येतं, पूर्णवेळ अभ्यासक्रमात एकच ऑनलाइन विषय धरला जातो, आणि फी रहिवाशाच्या दराने मिळत नाही.

काम करता येतं का, हा वेगळा प्रश्न. २६ मे २०१५ पासून काही एच-४ धारकांना काम करण्याची परवानगी म्हणजे ईएडी मिळते. त्यासाठी एच-१बी धारक जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेला असावा लागतो, किंवा त्याला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली असावी लागते. ईएडी हातात नसेल तर पगारी काम नाही, कॉलेजातलं ट्युटरचं कामही नाही. ‘मैत्रिणीच्या दुकानाचे हिशेब फुकट बघते, पैसे कुठे घेते’ असं म्हणून ज्या कामाला एरवी पगार मिळतो ते करणंही धोक्याचं आहे. तुमच्या परिस्थितीत काय चालतं ते इमिग्रेशन वकिलाकडूनच समजून घ्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवरून नको.

ईएडीची वाट बघण्यात वर्षं जातात, आणि ती वर्षं खूप टोचतात. युनिट्स मात्र त्या काळात जमा होत राहतात. परवाना आला त्या दिवशी हातात कोरा कागद नसावा, एवढ्यासाठी तरी सुरुवात करा.

फी माफी, पेल ग्रँट, टॅक्समध्ये सूट, यातलं आपल्याला काय मिळतं?

पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी मदत, नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते, पण आधीची पदवी नसेल तरच. भारतातली पदवीही पदवीच धरतात, त्यामुळे बी.कॉम. झालेल्यांनी तिच्यावर विसंबू नये. ज्यांचं शिक्षण बारावीनंतर लग्नामुळे किंवा घरच्या अडचणींमुळे थांबलं आणि ज्यांच्याकडे आता ग्रीन कार्ड आहे, त्यांनी फाफ्सा (या मदतीचा सरकारी अर्ज) जरूर भरावा. कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट ही राज्याची वेगळी योजना आहे. कमी उत्पन्नाच्या रहिवाशांची युनिटमागची फी तिच्यात माफ होते.

टॅक्समध्ये ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’ आहे: खर्चाच्या २० टक्के, एका रिटर्नवर जास्तीत जास्त २,००० डॉलर. डिग्री घेत असायची अट नाही, नोकरीचं कौशल्य वाढवणारा एकच विषय घेतला तरी चालतो. मात्र पती-पत्नीचं एकत्रित उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या वर गेलं की ते कमी होत जातं आणि १,८०,००० ला संपतं. त्यामुळे बे एरियातल्या अनेक घरांना त्याचा उपयोग होत नाही.

घर, मुलं सांभाळून किती विषय झेपतील?

पहिल्या सत्रात एकच. यावर मी हटून बसते.

एका सेमिस्टर युनिटला आठवड्याचे साधारण तीन तास धरतात, एक वर्गात आणि दोन घरी. चार युनिट्सचा विषय म्हणजे आठवड्याचे बारा तास, तेही सोळा-सतरा आठवडे सलग. अकाउंटिंगचा गृहपाठ एका बैठकीत संपत नाही. तेरीज जुळली नाही तर रात्री अकराला सुरू केलेलं काम एक वाजेपर्यंत चालतं आणि सकाळी डबे असतातच.

उन्हाळ्याच्या सत्राचा मोह टाळा. तोच विषय सहा ते आठ आठवड्यांत कोंबलेला असतो, मुलांना सुट्टी असते आणि भारतात जायची तिकिटंही याच दिवसांची काढलेली असतात.

मुलं अठरा वर्षांखालील असतील आणि त्यांचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही उचलत असाल, तर एक हक्क नक्की वापरा. २०२२ साली झालेल्या एबी २८८१ या कायद्यामुळे पालक विद्यार्थ्यांना नोंदणीत प्राधान्य मिळतं. म्हणजे शाळेच्या वेळेत बसणारे सकाळचे वर्ग भरून जाण्याआधी तुम्हाला जागा घेता येते. कॉलेज आपणहून विचारेलच असं नाही, तुम्ही अर्ज करा. काही कॉलेजांच्या आवारात पाळणाघरंही आहेत. त्यांच्या प्रतीक्षायादीत नाव लवकर घालावं लागतं.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी झेपेल का?

झेपेल. टोफेल फक्त एफ-१ वाल्यांना लागतो. अकाउंटिंगमधले शब्द ठरावीक असतात, महिन्याभरात सवयीचे होतात. त्रास होतो तो मॅनेजरियल अकाउंटिंग आणि ऑडिटिंगमधल्या लांबलचक उताऱ्यांचा, आणि बिझनेस लॉचा. त्याआधी बिझनेस कम्युनिकेशनचा विषय घ्या. तो बऱ्याच सर्टिफिकेटांत असतोच, आणि नोकरीच्या मुलाखतीत कामाला येतो तो हाच.

प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जात जा. आपल्याकडे सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय असं वाटतं. इथे ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेली असते आणि पुष्कळदा प्राध्यापक एकटेच बसलेले असतात.

ऑनलाइन घेऊ की प्रत्यक्ष वर्गात?

पहिला विषय वर्गात, पुढचे सोयीने. इथली कॉलेजं कॅनव्हास वापरतात, त्यामुळे गृहपाठ, ग्रेड, व्याख्यानं सगळं ऑनलाइन असतंच. पण आजूबाजूच्यांशी बोलणं, गटात काम करणं, ओळखी होणं हे वर्गातच घडतं. पहिली नोकरी बऱ्याच जणांना शेजारी बसणाऱ्याच्या ओळखीनं लागलेली मी पाहिली आहे.

पुस्तकं फार महाग असतात म्हणे?

असतात. वेळापत्रकात पुस्तकाचा खर्च शून्य अशी खूण असलेले वर्ग शोधा. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स उपक्रमाची अकाउंटिंगची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. सत्र सुरू होण्याआधी उजळणी करायलाही ती उत्तम आहेत.

बुककीपर, एन्रोल्ड एजंट, सीपीए: माझ्यासाठी काय बरं?

सगळ्यात जास्त विचार इथेच करायचा आहे.

बुककीपिंगला कुठलाच परवाना लागत नाही. दोन अकाउंटिंगचे विषय, क्विकबुक्स (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल आणि पेरोल एवढ्यावर अकाउंट्स पेयेबल (कंपनीची बिलं चुकती करणारा) क्लार्क किंवा लहान व्यवसायाची हिशेबनीस म्हणून काम मिळू शकतं. मार्ग लवकर संपतो, पण पगाराची कमाल मर्यादाही लवकर येते. सरकारी आकडेवारीनुसार मे २०२३ मध्ये देशभरातल्या बुककीपिंग क्लार्कांचं मध्यक वार्षिक वेतन ४७,४४० डॉलर होतं, अकाउंटंट आणि ऑडिटरांचं ७९,८८० डॉलर. फक्त क्विकबुक्सचं एकच सर्टिफिकेट घेऊन थांबू नका. सॉफ्टवेअर बदलतं, आणि ते चुकीचा आकडा दाखवतं तेव्हा त्यामागची नोंद कळावी लागते.

टॅक्सची वाट मला आपल्या लोकांसाठी फार मोलाची वाटते. कॅलिफोर्नियात पैसे घेऊन दुसऱ्यांची रिटर्न्स भरायची तर सीटीईसीकडे (कॅलिफोर्निया टॅक्स एज्युकेशन कौन्सिलकडे) नोंदणी करावी लागते: ६० तासांचा अभ्यासक्रम आणि ५,००० डॉलरचा बाँड. सीपीए, वकील आणि एन्रोल्ड एजंट यांना ही अट नाही. कॉलेजचा टॅक्सचा विषय या ६० तासांत धरला जातो का, ते प्रवेश घेण्याआधी विचारा. त्यापुढची पायरी एन्रोल्ड एजंट, म्हणजे ईए. हा आयआरएसचाच, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचाच परवाना. तीन भागांची परीक्षा असते: व्यक्तींचा कर, व्यवसायांचा कर, आणि करदात्याचं प्रतिनिधित्व करण्याचे नियम. पदवीची अट नाही. ज्यांचं शिक्षण बारावीला थांबलं त्यांनाही हा परवाना मिळू शकतो, आणि तो साऱ्या देशात चालतो. कॉलेजात वैयक्तिक कर आणि कॉर्पोरेशन-पार्टनरशिपचा कर असे दोन विषय नीट केले की परीक्षेची बरीच तयारी होते.

सीपीए ही लांबची वाट. २०२४ पासून परीक्षेत ऑडिटिंग, फायनान्शियल अकाउंटिंग, आणि टॅक्स व कायदा असे तीन मुख्य पेपर आणि एक निवडीचा, असे चार पेपर असतात. प्रत्येकात ७५ गुण लागतात. परीक्षेबरोबर युनिट्सची अट आणि अनुभवाची अट.

तीन वर्षांच्या बी.कॉम.वर सीपीए होता येतं का?

पुष्कळ जण झाले आहेत, पण वाट प्रत्येकाची वेगळी. आधी गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, तेही बोर्डाने मान्य केलेल्या संस्थेकडूनच. त्याच मुंबई किंवा पुणे विद्यापीठाच्या पदवीला एक संस्था चार वर्षांच्या पदवीसमान ठरवते, दुसरी तीन वर्षांचं शिक्षण म्हणते. एम.कॉम. असेल तर तोही सोबत पाठवा. विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवायला वेळ लागतो, म्हणून भारतात जाल त्या खेपेला हे काम उरकून या.

मूल्यांकन हातात आलं की कळतं, किती युनिट्स कमी पडतात. ती भरून काढायला कम्युनिटी कॉलेजसारखी स्वस्त जागा नाही. कॅलिफोर्निया बोर्ड मान्यताप्राप्त कम्युनिटी कॉलेजांची युनिट्स धरतं, आणि काही कॉलेजांत इंटरमीजिएट अकाउंटिंग, ऑडिटिंग, कॉस्ट अकाउंटिंगसुद्धा शिकवतात. आपल्या लोकांना आजवर बहुतेकदा कमी पडत आली ती एथिक्सची युनिट्स, कारण भारतात तो वेगळा विषय म्हणून नसतो. सीपीएच्या शैक्षणिक अटी सध्या अनेक राज्यांत बदलत आहेत, म्हणून विषय निवडण्याआधी कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीच्या संकेतस्थळावरची ताजी अट वाचा. तीन वर्षांपूर्वी झालेल्या मैत्रिणीची यादी जशीच्या तशी उतरवू नका.

टॅक्समध्ये मराठी माणसाला वेगळी काय संधी आहे?

खूप मोठी. आपल्या प्रत्येक घराचा एक पाय भारतात असतो आणि इथल्या साध्या टॅक्स प्रिपेअररला त्यातलं काही माहीत नसतं. अमेरिकेचा करदाता रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. एनआरई ठेवींचं व्याज भारतात करमुक्त, इथे करपात्र. पीपीएफचं व्याजही अमेरिकेच्या नजरेत उत्पन्नच. भारतीय म्युच्युअल फंड पीएफआयसीच्या (परदेशी गुंतवणूक फंडांसाठीच्या) किचकट नियमांत अडकतात, आणि त्यासाठी फॉर्म ८६२१ भरावा लागतो.

त्यातही सगळ्यात जास्त घरांना लागू होतो तो एफबार. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कुठल्याही एका दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली की त्याची माहिती कळवावी लागते. समजा सांगलीच्या बँकेत आईच्या मुदतठेवीवर सोयीसाठी मुलीचं नाव घातलंय. पैसा आईचा, मुलीनं त्याला हातही लावलेला नाही. तरी ती जॉइंट खातेदार आहे, म्हणून त्या खात्याची सगळी रक्कम तिच्या बेरजेत धरायची. हे लोकांना माहीतच नसतं, आणि कळतं तेव्हा घाबरगुंडी उडते.

शिवाय वर्षाचा घोळ. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, इथलं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. बँकेनं दिलेलं व्याजाचं प्रमाणपत्र इथे जसंच्या तसं वापरता येत नाही. दोन वर्षांचे उतारे घेऊन महिन्यांप्रमाणे आकडे जुळवावे लागतात. फॉर्म १६, टीडीएस, २६एएस हे शब्द ऐकून जिला बिचकायला होत नाही आणि जिला इथल्या रिटर्नचा फॉर्म १०४० ही भरता येतो, अशी व्यक्ती हवी असलेली माणसं दर मार्च महिन्यात मला फोन करतात. कॉलेजात हे सगळं शिकवत नाहीत. तिथे अमेरिकन कराचा पाया मिळतो, भारताची बाजू तुमच्याकडे आहेच.

अनुभव कुठून आणायचा? सगळे अनुभवच मागतात.

वीटा. आयआरएसच्या या कार्यक्रमात कमी उत्पन्नाच्या लोकांची रिटर्न्स स्वयंसेवक मोफत भरून देतात. अनेक कम्युनिटी कॉलेजांत त्याची केंद्रं असतात, काही ठिकाणी तर त्याला जोडलेला युनिट्सचा विषयही असतो. आधी प्रशिक्षण, मग आयआरएसची ऑनलाइन प्रमाणपत्र परीक्षा, आणि फेब्रुवारी ते एप्रिल प्रत्यक्ष काम. समोरची व्यक्ती पिशवीतून चुरगळलेले डब्ल्यू-२ आणि १०९९ (पगाराचे आणि इतर उत्पन्नाचे कागद) काढते, तुम्ही तिच्याशी बोलता, आकडे भरता, आणि दुसरा स्वयंसेवक तपासतो. एका हंगामात जेवढं शिकायला होतं तेवढं वर्गात होत नाही. हे खरंखुरं स्वयंसेवेचं काम असल्यामुळे पगारी कामापेक्षा वेगळं आहे. तरी एच-४ वर असाल तर आधी वकिलाला विचारून घ्या.

एआय आल्यावर या नोकऱ्या राहतील का?

नुसत्या नोंदी करण्याच्या नोकऱ्या घटत आहेत, आणि सरकारी अंदाजही बुककीपिंग क्लार्कांची संख्या कमी होत जाईल असंच सांगतात. म्हणूनच बुककीपिंगवर थांबू नका असं मी सारखं म्हणते. बँकेचा उतारा आणि वही का जुळत नाही हे शोधणं, नोटीस आलेल्या घाबरलेल्या माणसाशी बोलणं, आयआरएसला उत्तर लिहिणं, या कामांना माणूस लागतोच. तुमचे विषय त्या दिशेने निवडा.

मला हिशेब नको, गुंतवणूक आणि फायनान्स शिकायचंय.

पर्सनल फायनान्स आणि इन्व्हेस्टमेंटचे विषय बहुतेक कॉलेजांत मिळतात. या क्षेत्रात नोकरी हवी असेल तर फिन्राची (शेअर दलालांवर देखरेख करणाऱ्या संस्थेची) एसआयई ही प्राथमिक परीक्षा बघा. ती द्यायला कुठल्याही कंपनीचं प्रायोजकत्व लागत नाही. ७५ प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के, निकाल चार वर्षं चालतो. सीरीज ७ ही दलालीच्या परवान्याची परीक्षा मात्र कंपनीत लागल्यावरच देता येते. तरीही पहिला फायनान्शियल अकाउंटिंगचा विषय सोडू नका. ताळेबंद वाचता आल्याशिवाय शेअरचा अभ्यास वरवरचा राहतो.

मधेच झेपेनासं झालं तर?

सत्राच्या सुरुवातीच्या दिवसांत सोडलंत तर फी परत मिळते आणि ट्रान्सक्रिप्टवर काही येत नाही. त्यानंतरच्या ठरावीक तारखेपर्यंत सोडलंत तर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) येतो. तारीख उलटून गेल्यावर नुसतं वर्गात जाणं बंद केलंत तर ‘एफ’ येतो आणि कायमचा राहतो. या तारखा पहिल्याच दिवशी फोनमध्ये टाकून ठेवा.

सुरुवात नेमकी कशी करू?

सीसीसीअप्लाय या संकेतस्थळावर अर्ज करा, तो फुकट आहे. बनावट अर्जांचा सुळसुळाट झाल्यामुळे हल्ली ओळख पडताळायला वेळ लागतो, म्हणून सत्राच्या दोन महिने आधीच अर्ज भरा आणि ईमेलचं स्पॅमही बघत राहा. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अर्ज करता येतो. मग रहिवासाची कागदपत्रं द्या आणि काउन्सेलरची वेळ घ्या. काउन्सेलरला ‘कुठलं सर्टिफिकेट घेऊ’ असं विचारू नका. ‘मला ईए व्हायचंय’ किंवा ‘मला सीपीएसाठी इतकी युनिट्स कमी पडतात’ असं सांगा आणि लेखी शैक्षणिक आराखडा मागा.

नवीन विद्यार्थ्याला नोंदणीची तारीख उशिराची मिळते, त्यामुळे हवा तो वर्ग भरलेला दिसेल. वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. पहिल्या आठवड्यात बरेच जण गळतात, आणि जागा झाली की प्राध्यापक हजर असलेल्यांना अॅड कोड (नोंदणी करू देणारा क्रमांक) देतात. तो कोड ठरलेल्या मुदतीत टाकला नाही तर जागा जाते, तेव्हा घरी जाईपर्यंतही थांबू नका, तिथल्या तिथे फोनवरून नोंदणी करा.